पायी जाणारे: शून्य

३ जानेवारी
साखर दोनशे ऐंशी. डॉक्टर म्हणाला, काका, महिनाभर ऑफिसला चालत जा, नाहीतर इन्सुलिन टोचावं लागेल. काल-परवा शेंबूड पुसायला शिकलेलं पोरगं! दोन किलोमीटर म्हणजे माझ्या डाव्या पायाचा मळ. सुईला मी घाबरत नाही. उगाच नको, इतकंच.

४ जानेवारी, सकाळी ९.४०
निघालो. कोपऱ्यावर फूटपाथ संपला. पुढे एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला बस, मधे मी. कंडक्टर ओरडला, आजोबा, घरी सांगून आलात का? आजोबा म्हणे! परत फिरलो, गाडी काढली. रस्ते आखणारे ठार आंधळे असतात. आमच्याच खात्याचे, पण वरच्या मजल्यावरचे. मी खाली, वाहतूक मोजणीत. तिथे अक्कल लागते.

७ जानेवारी
नागरिक या नात्याने तक्रार ठोकली. चार पानं. फूटपाथ कोणत्या गाढवाने खाल्ला, हे सभ्य भाषेत विचारलं. उत्तर येईपर्यंत चालणं स्थगित. ही म्हणाली, तोवर गच्चीवर फेऱ्या मारा. गच्चीवरून ऑफिस लागतं का?

१५ जानेवारी
उत्तर आलं. तीन वर्षांपूर्वीच्या मोजणीत पायी जाणारे शून्य, म्हणून फूटपाथ काढून रस्ता रुंद केला. सोबत तक्त्याची प्रत. अक्षर सुरेख. सही माझी.
आठवलं. भर दुपार, जीपच्या काचा वर. त्या उन्हात कोण शहाणा चालणार? मोजणी बिनचूकच होती.
ही म्हणाली, अहो, त्या दिवशी मी चालत डबा घेऊन आले होते की, जीपपर्यंत!
म्हटलं, तू डबा द्यायला आली होतीस. ते चालण्यात धरत नाहीत.

२२ जानेवारी
साहेबांनी फेरमोजणी लावली. माणसं चालताना दिसली तर फूटपाथ परत. काम अर्थात माझ्याकडे. बाकीच्यांना दहापुढे मोजता येत नाही. परवा पायीच जाणार. पहिली नोंद स्वतःची!

२४ जानेवारी, सकाळी ९
तक्ते, घडीची खुर्ची, पाण्याची बाटली. एवढं ओझं घेऊन कोण चालतं? गाडीने आलो. सावली भिंतीलगतच, म्हणून तिथेच लावली.

११.१५
एक म्हातारी काठी टेकत आली. वाटेत माझी गाडी, पलीकडून बस. माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटली आणि माघारी वळली. रस्ता पूर्ण केला नाही, सबब नोंद नाही. लोकांत चिकाटीच उरली नाही. नंतर जरा डोळा लागला.

३ फेब्रुवारी
साखर तीनशे दहा. डॉक्टरने मान हलवून चिठ्ठी लिहिली. तक्ता सकाळीच सादर केला होता. पायी जाणारे: शून्य. साहेबांनी फाइल बंद केली.
इंजेक्शन हिने आणलं. त्याच रस्त्याने, चालत. सुई भरताना सहज विचारलं, वाटेत कोणी चालताना दिसलं का?
म्हणाली, चौदा जण. हलू नका.