नेम धरून

३ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सप्रेम सलाम, वि. वि.

तुमचं पत्र सोमवारी मिळालं. गुडघ्याचं दुखणं तुम्ही दीड ओळीत उरकलंत आणि ताईच्या शिवणाच्या दुकानात नवं मशीन आलं त्यावर पान भरून लिहिलंत, त्यावरून गुडघा फार दुखतोय हे कळलं. औषध वेळेवर घ्या.

मी मजेत आहे. वर्गात अकरा विद्यार्थी. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहायची, त्यामुळे सगळ्यांच्या बाह्या शाईने माखलेल्या. मला अजून 'सर' म्हणतात आणि मग जीभ चावतात. या धर्मशिक्षण विद्यालयात ही भाषा शिकवणारी मी पहिलीच बाई, त्यांना तरी काय बोलणार!

खरं काम पुढेच आहे. वीस तारखेला वार्षिक व्याख्यान माझं ठरलंय. विषय 'पाप' हा शब्द. आणि बाबा, तिथेच घोडं अडलंय. पाप म्हणजे नेम चुकणं, हे तुमचं चर्चमधलं प्रवचन मी लहानपणापासून ऐकत आले. हिब्रूतला 'हाता' गोफणीचा नेम चुकण्यालाही वापरतात, ग्रीकमधल्या 'हामार्तिया'चंही मूळ तेच, हे तुम्हीच मला शिकवलंत. ते खोटं नाही. पण शब्द कुठून आला आणि लोक तो कशासाठी वापरतात, या दोन वेगळ्या गोष्टी. दुसऱ्याच्या बायकोसाठी तिच्या नवऱ्याला लढाईत पुढे उभं करून मारवणारा बायबलमधला तो राजा आठवा. त्याने सगळं ठरवून केलं, कुठेही नेम चुकला नाही. तरी पकडला गेल्यावर त्याच्या तोंडी शब्द येतो तो हाच, 'हाता'. म्हणजे नुसतं 'चुकलं' म्हणून भागत नाही.

तुमचं ते प्रवचन इथे छापील स्वरूपात मुलांना वाचायला देतात. मला ते खोडून काढावं लागेल. तुमचं नाव घेऊ की नको? तुम्ही नको म्हणालात तर विषयच बदलेन. राजाच्या गोष्टीवरची माझी चार पानं सोबत पाठवतेय.

तुमची,
धाकटी

---

९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी मला राग आला. तीस वर्षं चालवलेलं प्रवचन, आणि मोडीत काढणार कोण, तर जिला मी गुडघ्यावर बसवून अक्षरं गिरवायला लावली ती! मग हसू आलं. बंड करण्याला हिब्रूत 'पेशा' म्हणतात. तुझा तर तोच पेशा झाला.

विषय बदलायचा नाही. माझं नाव घे, आणि स्पष्ट घे. माझं चुकलं असेल तर माझ्यापासूनच सुरुवात कर. लेकीने बापाला शिकवावं एवढी ती मोठी झाली, याचा मला किती अभिमान वाटतो ते लिहायला गेलो तर कागद पुरणार नाही.

आता दुसरं. तुझी चार पानं मी तीनदा वाचली. जेवायला बसलो आणि तसाच उठलो. तुला सांगतो, कारण हे तुझ्याच पानांनी उकरून काढलंय.

ताई अठरा वर्षांची असताना तिने परिचारिकांच्या शाळेत अर्ज केला होता. प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं ते माझ्या हातात. तुझी आई अंथरुणाला खिळलेली, तू नऊ वर्षांची. मी ते पाकीट टेबलाच्या खालच्या खणात, जुन्या हजेरीवह्यांखाली ठेवलं आणि ताईला सांगितलं की उत्तर आलंच नाही. ती महिनाभर पोस्टमनची वाट बघत पायरीवर बसायची. मी खिडकीतून बघायचो.

सत्तावीस वर्षं मी देवाला सांगत आलो की माझा नेम चुकला. धाकटे, माझा नेम चुकला नव्हता. मी ती पोर घरात राहावी म्हणून नेम धरला आणि तो बरोबर लागला. ते प्रवचन मला इतकं आवडायचं का, हे मला परवा कळलं.

तिला मीच सांगणार. तोवर तू काही लिहू नकोस.

तुझे,
बाबा

---

२१ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सप्रेम सलाम, वि. वि.

काल व्याख्यान झालं. सभागृह भरलं होतं, मागे लोक भिंतीला टेकून उभे होते. सुरुवातीलाच सांगितलं की आज मी माझ्या वडिलांच्या म्हणण्याविरुद्ध बोलणार आहे. शेवटी आमच्या वयोवृद्ध प्राचार्यांनी विचारलं की वडिलांना हे आवडेल का. मी तुमच्या पत्रातलं एकच वाक्य वाचून दाखवलं, माझं चुकलं असेल तर माझ्यापासूनच सुरुवात कर. प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले की असा बाप असेल तर व्याकरण आपोआप येतं. टाळ्या तुम्हाला पडल्या, मला नाही.

त्यापुढचं मी कोणाला वाचून दाखवलं नाही. ताईलाही काही लिहिलेलं नाही. पण बाबा, ते वाचून मी तुमच्यावर दोन दिवस चिडले होते, हे लपवणार नाही. माझ्या वेण्या तिने घातल्या, माझी फी भरायला तीच यायची. मी शिकले ती तिच्या जागेवर उभी राहून. लवकर सांगा तिला.

तुमची,
धाकटी

---

७ मार्च

प्रिय धाकटे,
खूप खूप प्रेम.

तुला सगळं माहीत होतं आणि तू गप्प बसलीस. भेटलीस की कान पिळणार आहे. आता ऐक.

बाबा गुरुवारी दुकानात आले. मी एका कोटाचं अस्तर कापत होते. बसा म्हटलं तर बसेनात. पाकीट माझ्यासमोर ठेवलं. मी सबंध वाचलं. हजर राहायची तारीख, दोन पांढरे गणवेश, काळे बूट, सगळं. मी का म्हणून विचारलं. मला वाटलं, आजारपण सांगतील, घाबरलो म्हणतील. ते म्हणाले की जाणूनबुजून केलं, तू गेली असतीस हे माहीत होतं म्हणूनच केलं. मी त्यांना दुकानातून जायला सांगितलं. ते गेले.

चार दिवस जेवण झाकून ठेवायचे आणि निघून यायचे. अस्तर वाकडं कापलं गेलं, तो कोट मला पुन्हा करावा लागला.

मग त्यांनी विचारलं की चर्चमध्ये सांगू का, तुझा उल्लेख टाळून. मी म्हटलं, टाळायचा नाही, 'माझी थोरली' म्हणूनच सांगा. रविवारी, शहात्तर वर्षांचा माणूस, गुडघा धरत व्यासपीठावर चढला. म्हणाले की तीस वर्षं तुम्हाला अर्धंच सांगितलं, उरलेलं धाकटीने शिकवलं आणि थोरलीने सोसलं. मग सगळं सांगितलं, एकही शब्द मऊ न करता. ज्याला गाणं सुरू करायचं होतं तो पेटीवाला बोटं तशीच ठेवून बसून राहिला. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी मान खाली घातली नाही. इतका राग आणि इतका अभिमान एकाच माणसाबद्दल एकाच वेळी वाटू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं.

क्षमा मी अजून केलेली नाही. घरी येताना तसं सांगितलंही. घाई करू नकोस, म्हणाले.

आता माझी बातमी. रुग्णालयात अंथरुणावरच्या रोग्यांची देखभाल शिकवणारा वर्ग सुरू होतोय. वयाची अट नाही म्हणून मी नाव घालायला गेले. मेट्रन कडक बाई. तिने विचारलं, पाठीला जखम न होता रोग्याला कुशीवर कसं वळवशील? आईला अकरा वर्षं वळवलंय मी. बोलण्यापेक्षा तिथल्याच खाटेवर करून दाखवलं, चादरीची घडी कुठे ठेवायची, हात कुठे घालायचा ते. ती बघत राहिली. मग यादीतून माझं नाव खोडलं. मी पिशवी उचलून निघाले. तर म्हणाली की तुम्ही शिकायला बसायचं नाही, मंगळवारी आणि शुक्रवारी शिकवायला यायचं.

तेव्हा मास्तरीणबाई, घरात शिकवणारी तू आता एकटी नाहीस. बाबांना सांगितलं तर त्यांनी चपला घातल्या, रस्ता ओलांडला आणि समोरच्या न्हाव्याला ही बातमी सांगून आले. तो नवा आहे, त्याला आमची काही ओळखही नाही. माघारी आले आणि पुन्हा गेले, कारण वार सांगायचे राहिले होते.

जेवत जा. बाबांवर चिडली असशील तरी त्यांना पत्र लिही, आणि माया आहे तेवढी राहू दे.

तुझीच,
ताई