न बोललेली अट

२ फेब्रु. १९७४, शनि.
परिभाषा समितीची बैठक. 'इम्प्लिसिट'ला मराठी शब्द हवा, सगळ्या विषयांना मिळून एकच. संस्कृतवाले अण्णाजी म्हणाले, 'अध्याहृत': वाक्यात नसतं, ऐकणारा मनात भरून घेतो. कायदा शिकवणारे काळे म्हणाले, 'गर्भित': रिक्षात बसलात की भाडं कबूल, तोंडानं म्हणावं लागत नाही. मी गणिताची, म्हणून 'अव्यक्त'. आमच्यात य वेगळा काढून दाखवत नाहीत, पण समीकरणानं तो क्षशी बांधलेला असतोच. एका शब्दात भागायचं नाही हे मी आल्या आल्या सांगितलं होतं. संध्याकाळी सगळ्यांना पटलं. चहा गार.

४ फेब्रु.
दिवाळीपासून काळे दर रविवारी धरमपेठेत आमच्याकडे. बाबांशी बुद्धिबळ खेळतात, हरतात. लग्नाचं कोणी काढलेलं नाही, पण घरात सगळ्यांनी धरलेलं. मीही. आवडतात मला, लिहूनच टाकते.

१० रवि.
काळ्यांच्या आई सावनेरहून आल्या. मोकळ्या बाई, हसतमुख. कापसाच्या, कोळशाच्या गप्पा. पोहे संपले. निघताना सहज म्हणाल्या, "आता कालेज सुटन तुह्यं, तं घर पाहाले मानूस होईन मले." म्हणजे माझी नोकरी सुटणार हे त्यांच्या मनात केव्हाचंच पक्कं. मी हसले. काय करणार, पाहुण्या होत्या.

११ सोम.
काळ्यांना ग्रंथालयात गाठलं. म्हणाले, "तुम्ही काही बोलल्या नाही, मले वाटलं चालते." मी नोकरी करणार हे वेगळं काय सांगायचं, असं मी धरून चालले होते! दोघंही समितीवर, आणि ही अक्कल. आधी हसू आलं, घरी आल्यावर रडू. नोकरी सोडणार नाही. काळेही सुटू नयेत.

१७ रवि.
काळ्यांच्या आई ओटीचं सामान घेऊनच आल्या. आमच्या आईनं पाट मांडला. बसायच्या आधी सांगून टाकलं, लग्नानंतरही शिकवणार.
"हे पहिले काहून नाही सांगतलं वं?"
"म्हणून तर आता सांगते."
काळे म्हणाले, "मलेही तसंच पाहिजे, आई." इतकं सरळ ते पहिल्यांदाच बोलले. फार बरं वाटलं.
त्या उठल्या. ओटी भरली नाही, पण खण-नारळ पाटाशेजारी तसाच ठेवून गेल्या. आमची आई म्हणते, होकार आहे. बाबा म्हणतात, रागात विसरल्या. काळ्यांनाही ठाऊक नाही. आणि सगळे बघतात माझ्याकडे, की मी अर्थ लावीन. मुळीच लावणार नाही. उद्या रजा टाकते, सावनेरची बस धरते, खण-नारळ त्यांच्यापुढे ठेवते आणि विचारते.