ओट्यातल्या शेंगा

सोलापूर,
दि. १० डिसेंबर २०२४

ती. आईस शहाजीचा साष्टांग नमस्कार.

आम्ही दोघे इथे सुखरूप आहोत. गुडघ्याला तेल लावत जा. फोनवर तू रडतेस आणि मी ओरडतो, म्हणून लिहीत आहे. आशाताईंकडून वाचून घे. त्यांनाही कळू दे.

वळसंगहून इथे आणल्यावर गेल्या सोमवारी सोनालीला सोनोग्राफीला नेले. नर्सबाईंनी वजन केले, ४४.६ किलो. गावी आशाताईंनी वजन करून भरलेल्या कार्डावर पंधरा दिवसांपूर्वीचे ४७.१ आहे. मी भांडलो. म्हणालो, तुमचा काटा खोटा आहे. टॉवेलचे गठ्ठे तोलणारा माणूस मी! रिक्षाने तिला कारखान्यात नेऊन आमच्या काट्यावर उभी केली. ४४.६.

तेव्हा ती बोलली. वजनाच्या दिवशी तू तिच्या पोटाशी, साडीच्या ओट्यात शेंगा आणि गूळ बांधलास, वरून शाल दिलीस. "देवीची ओटी हाय, सोडू नगंस," म्हणालीस. अडीच किलो! आई, मीच पाठवलेल्या शेंगा, मीच पाठवलेला गूळ. पोटात जायचे ते पोटावर बांधलेस. आणि ताटात एक भाकरी. दुसरी मागितली की, "पोर थोर झालं की अडतंय. लई खाऊ नगं."

केरामावशी बाळंतपणात गेली, ते तू पाहिलेस. पण तिला दोन दिवस घरातच ठेवली होती, कोणी दवाखान्यात नेली नाही. त्याचा दोष भाकरीला का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सातव्या महिन्यापर्यंत सहा-सात किलो तरी वाढायला हवे होते. वाढले दीड. बाळ बारीक आहे.

एक गोष्ट लिहायची टाळत होतो. पाचव्या महिन्यात सोनाली फोनवर म्हणाली होती, "आवो, लई भूक लागती." मी म्हणालो, "आईचं ऐक की. तिला कळतंय." फोन ठेवला आणि खानावळीत चार भाकऱ्या खाल्ल्या. हे आठवले की स्वतःचा जास्त राग येतो. तुझा म्हणून कमी होत नाही.

बाळंतपण इथेच करणार. तू ये. त्याच शेंगा आण, कूट कर आणि समोर बसून तिला खायला घाल. तिने पुरे म्हटल्याशिवाय थांबू नकोस.

आजचे वजन ४५.२ किलो. ओटा मी स्वतः तपासला.

तुझा, पोटभर जेवलेला मुलगा,
शहाजी