आजींच्या पायातली नाडी

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तुम्ही शिकवलेली एक गोष्ट मी तेव्हापासून ज्युनिअर मुलांना ऐकवत आले आणि मागच्या महिन्यात स्वतःच विसरले, म्हणून लिहितेय.

इथल्या, फुलांची वाडी असलेल्या घरातल्या एक आजी. मोगऱ्याच्या कळ्या खुडायला खाली बसता येईना, म्हणून उजवा गुडघा बदलून घ्यायला आल्या. ऑपरेशन मीच केलं आणि ते छान झालं असं समजून चालले. वॉर्डात सिस्टर म्हणाल्या, “मॅडम, पाय गार लागतोय हां.” मी म्हटलं, एसी आहे. पाठीतल्या इंजेक्शनने पाय बधिर, त्यामुळे आजींना दुखतही नव्हतं. मी पावलावर बोटं टेकवली, जरा दाबूनच धरली. ठोके लागले. केसपेपरवर ‘नाडी लागते’ लिहून मी ओपीडीत गेले.

पहिल्या वर्षी तुमच्या राउंडला मी अशीच बोटं दाबून बसलेय. तुम्ही माझं दुसरं मनगट धरता. “अगं, हे ठोके तुझेच आहेत. इतकं दाबलंस तर लाकडाच्या पायातही नाडी लागेल.” सगळा वॉर्ड हसतो. दुपारी तुम्ही डब्यातली अर्धी भाकरी मला दिलीत, तरी माझा राग गेला नव्हता.

तासाभराने सिस्टरनी मला न विचारताच पावलावर रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं डॉपलर लावलं आणि हाक मारली. आवाज नाही. गुडघ्यामागची धमनी दुखावून गुठळीने बंद झाली होती. हातात पाच-सहा तास, नाहीतर पाय कापायचा, हे तुम्हाला काय सांगायचं! रक्तवाहिन्यांचे सर्जन नायगावजवळ हायवेला अडकलेले. मी घाबरले होते. ते आले, त्यांनी आजींच्या डाव्या पायातली शीर काढून बंद जागेला वळसा देऊन जोडली. पाऊल हळूहळू गुलाबी झालं. मग मी हलकेच बोटं टेकवली आणि दुसरा हात स्वतःच्या मनगटावर ठेवला. ठोके वेगवेगळे होते.

काल आजी चालत आल्या, पिशवीत वेलची केळी घेऊन. “तुम्ही लगेच नाडी बघितली, म्हणून पाय वाचला माझा.” सिस्टर बाजूलाच होत्या. मी केळी घेतली.

केसपेपरवर ‘नाडी लागते’ अजून तसंच आहे. कोणाची, ते लिहिलेलं नाही. खरं तर हे आजींना सांगायला हवं. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही आता वॉर्डासमोर बोलणार नाही.