चार चिप, एकच गिऱ्हाईक

अण्णा, आज सकाळी गावी, बोरीच्या घरात तुमच्या लेकाशी मी लय भांडले. रस्त्यात गेलेल्या रानाचे पैसे आईच्या खात्यात आलेत, तिच्या म्हातारपणाला दुसरा आधार नाही, आणि हा धाकटा ते सगळेच्या सगळे एका चिप बनवणाऱ्या कंपनीच्या शेअरमध्ये घालायला निघालेला. आईच्या मोबाईलवर ओटीपी आलाय. हा म्हणतोय, "आकडा सांग आई, टाइम चाललाय." आई माझ्याकडं बघतेय. "अगं ताई, चार जातीच्या चिप बनवती ती कंपनी. एक पडली तर तीन हायत की!" मी विचारलं, "त्या जात्यात कुठं?" "मोबाईलात." "चारी?" "चारी," म्हणत त्यानं मोबाईल आईच्या आणखी पुढं सरकवला.

मला तुमचं मोटारी भरायचं दुकान दिसायला लागलं. जळालेल्या मोटारीत तांब्याची तार भरत तुम्ही बसलेले. तीन, पाच, साडेसात हॉर्सपॉवर, सगळ्या जाती तुमच्याकडं यायच्या. विहिरी आटल्या त्या साली सगळ्याच एकदम यायच्या बंद झाल्या, कारण सगळ्या विहिरीवरच्याच. मग तुम्ही कूलरच्या, पिठाच्या गिरण्यांच्या मोटारीही भरायला घ्यायला लागलात. मी हसले तर खेकसलात, "दात काय काढायलीस? रानाला पाणी नसलं तरी माणूस दळण दळतंयच ना!"

तेच मी त्याला सांगत होते. गाड्यांना, विजेच्या मीटरला, दवाखान्यातल्या मशीनला चिप देणारी कंपनी बघ, मोबाईल खपेनासे झाले तरी मीटर लागणारच. तीही बुडू शकते, पण एका फटक्यात नाही. आणि तिच्यातही थोडेच घाल, बाकीचे बँकेत राहू दे. तो तडकला, "तू शाळेत पोरं शिकव. शेअरबाजारातलं तुला काय कळतंय?"

तेव्हा मी आईला म्हणाले, "अण्णा असते तर नकोच म्हणाले असते." आईनं मोबाईल पालथा ठेवला. ओटीपीची वेळ टळली आणि हा न जेवताच परभणीला निघून गेला. एवढा वेळ मी घसा कोरडा केला त्याचं काही नाही, तुमचं नाव निघालं की काम फत्ते! राग आला तुमचा, खरंच.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून खरं ते लिहून टाकते. तुम्ही नको म्हणाला असता की नाही, मला ठाऊक नाही. लेकाला तुम्ही कधी नाही म्हटल्याचं मला आठवत नाही.