घरात कार्य आहे

बाबा, शनिवारी मला शाल मिळणार आहे. हायटेक सिटीकडच्या एका हॉटेलात, निळ्या पडद्यासमोर, 'यशस्वी महिला उद्योजक' म्हणून. माझ्याबरोबर आणखी काही जणी आहेत. त्यातल्या निम्म्यांच्या मागे नवऱ्याची फॅक्टरी नाहीतर सासऱ्यांची जमीन आहे, पण ते असो. कार्यक्रमवाल्यांनी एक फॉर्म पाठवला होता, तो तुमच्या नातीने मला न विचारता भरला आणि फक्त सहीसाठी माझ्यापुढे ठेवला. 'तुमचं प्रेरणास्थान' या रकान्यात तिने तुमचं नाव लिहिलं आहे. वाचून मला इतकं हसू आलं की हातातला चहा सांडला. मग कार्यक्रमवाल्यांच्या ऑफिसातल्या मुलीचा फोन. "मॅडम, फादर का सपोर्ट था ना शुरू से? स्टोरी में अच्छा लगता वो." मी म्हटलं, सोचके बताती. आणि आता अंबरपेठच्या शेडमधल्या माझ्या खोलीत बसून ऑर्डरच्या वहीच्या पाठकोऱ्या पानांवर हे लिहिते आहे. नातीला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही, त्यामुळे धास्ती नाही. शनिवारी स्टेजवरून तुमच्याबद्दल जे खरं आहे ते सगळं सांगून टाकायचं मी ठरवलं आहे. पहिलं वाक्यही तयार आहे: माझ्या वडिलांकडून मी एकही गोष्ट शिकले नाही.

दीड वर्षाची मुलगी कडेवर घेऊन मी सासर सोडून बरकतपुऱ्याला तुमच्या घरी आले, तेव्हा का आलीस हे तुम्ही विचारलं नाहीत. लोकांना काय सांगायचं, एवढंच विचारलंत. तीन महिन्यांनी मी हातातल्या बांगड्या मोडल्या आणि मोठा दगडी ग्राइंडर आणला. डाळ-तांदूळ भिजवून, वाटून, इडली-डोशाचं ओलं पीठ विकायचं, एवढाच बेत होता. ऑटोवाला आणि मी मिळून तो मागच्या पडवीत ठेवत होतो, आणि तुम्ही काळा कोट हातावर टाकून कोर्टातून आलात. हे काय, म्हणालात. मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, "पिठाचा धंदा सुरू करते आहे, बाबा." तुम्ही मशीनकडे पाहिलंसुद्धा नाहीत. "धंदा हा शब्द या घरात नको. बाईमाणसाने मी धंदा करते म्हटलं की ऐकणाऱ्याला काय वाटतं, कळतं का तुला?" कळत होतं मला. दादा धंद्यात पडला तेव्हा तुम्ही पेढे वाटले होते, तेही आठवत होतं. मी विचारलं, मग काय म्हणू? तुम्ही म्हणालात, "काही म्हणायची गरजच काय?" उभा जन्म कोर्टात शब्दांचा कीस पाडला तुम्ही, पण मुलीच्या कामासाठी तुमच्याजवळ एक शब्द नव्हता.

पण मशीन काही गप्प बसणारं नव्हतं. पुढच्या खोलीत तुमचं ऑफिस, मागे पडवीत त्याची घरघर, मध्ये एक पातळ भिंत. पक्षकार बिचारे विचारणारच. आणि तुम्ही, ज्यांच्या सचोटीच्या गोष्टी अजून लोक मला थांबवून सांगतात ते तुम्ही, फायलीतून मान वर न करता म्हणायचात, "घरात कार्य आहे." सोमवारी कार्य, मंगळवारी कार्य, पितृपंधरवड्यातसुद्धा कार्य. मागच्या फाटकाशी शेजारच्या बायका डबे घेऊन उभ्या राहायच्या, "पिंडी उंदा, अम्मा?" तेलुगूत पिंडी म्हणजे पीठ, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. पण तुमच्या कानाला त्यात श्राद्धाचा पिंड ऐकू यायचा, आणि तुम्ही उठून पंखा फुल करायचात, आवाज झाकायला. रविवारी मात्र त्याच पिठाच्या सहा इडल्या चटणीत बुडवून खायचात आणि आईकडे बघून म्हणायचात, "तुझ्या हाताला चव आहे हो." आई माझ्याकडे बघायची. मी तुमच्या ताटात सातवी वाढायची.

एक दिवस तुमचे ते काचीगुड्याचे पक्षकार आले, भिंतीच्या वादात वर्षानुवर्षं तारखा घेणारे. बरोबर लाल रिबन बांधलेला भलाथोरला स्टीलचा डबा. मी पाणी घेऊन बाहेर आले होते. त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि रुसल्यासारखं म्हणाले, "वकीलसाब, तीन महिने से सुन रौं, घर में कार्य है, कार्य है. शादी किसकी है, वो तो बोले नै आप. हमकू बुलाए भी नै." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. माझ्या कोपरापर्यंत पीठ लागलेलं होतं. मला त्या क्षणी खरंच वाटलं, आता सांगतील. बेटी का काम है, एवढंच म्हणायचं होतं. काम! धंदा नाही, काम. तेवढ्याने मी तुम्हाला सगळं माफ केलं असतं, इतकी मी तेव्हा बावळट होते. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, परत घातलात आणि म्हणालात, "शादी आगे बढ़ गई." ते म्हणाले, चलो, खैर. डबा ठेवून गेले. तुम्ही तो परत दिला नाहीत, हे विशेष. मी त्यात पुढे कित्येक वर्षं उडदाची डाळ भिजवली, आणि रोज झाकण लावताना तुमची कीव केली. कीव हा सभ्य शब्द झाला.

अंबरपेठला पहिलं दुकान घेतलं तेव्हा फीत कापायला तुम्हाला बोलावलं होतं. तुम्ही म्हणालात, त्या दिवशी माझी कोर्टात तारीख आहे. मी कॅलेंडर पाहिलं नव्हतं असं थोडंच आहे? रविवार होता तो. खोटं बोलायचं तर निदान वार बघून बोलावं, एवढीही मेहनत तुम्ही माझ्यासाठी घेतली नाहीत. फीत शेवटी समोरच्या इस्त्रीवाल्या बाईने कापली, तेही माझ्याच विळीने, कारण कात्री घरी राहिली होती.

मग तुम्ही गेलात. त्याला आता बावीस वर्षं होतील. पडवीतलं जुनं मशीन तेव्हाही सकाळचं चालू असायचं. सुतकाचे दिवस ते बंद ठेवलं. तेराव्याला गुरुजी आत बसले होते आणि मागच्या फाटकाशी कुणी डबा घेऊन आलं, तेव्हा आईने पडवीतूनच सांगितलं, "आज नाही गं, घरात कार्य आहे." तुमचं दिवसकार्य. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य त्या घरात खरं होतं, आणि घर अगदी चिडीचूप. मला आधी हसू आलं आणि मग रडू. रडू मशीन बंद असल्याचं आहे, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं.

इतकं लिहून मी थांबणार होते. शनिवारच्या भाषणाला पुरेसा दारूगोळा झाला होता. पण कालची गोष्ट सांगायला हवी.

तुमच्या नातीचं लग्न ठरण्यात आहे. मुलगा तिनेच पसंत केला आहे, आपल्यातलाच. त्याची आई निवृत्त मुख्याध्यापिका, बोलणं तोलूनमापून, वडील सरकारी नोकरीत होते. काल दुपारी त्या बाईंचा फोन आला. मी शेडमध्ये उभी होते, मागे चार ग्राइंडर चालू, बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवतो आहे. त्या म्हणाल्या, "अहो, एवढी घरघर कसली हो येतेय?" समोर तुमची नात पिठाच्या पाकिटांवर तारखेचे शिक्के मारत होती. ती येईल त्या माणसाला खुशाल सांगते, आमचा पिठाचा धंदा आहे. तिला कधी अडखळायला होत नाही. आणि मी, जिला शनिवारी शाल मिळणार आहे ती मी, म्हणाले, "काही नाही हो, घरात कार्य आहे."

घरातसुद्धा नव्हते मी, बाबा.

"अय्या, असं का? मग सावकाश बोलू," म्हणून त्यांनी फोन ठेवला. पोरीने मान वर केली. "आई, कार्य कोणाचं?" लग्न पुढे ढकललं, एवढंही मला सुचेना. ती परत शिक्के मारायला लागली, आधीपेक्षा जोरात.

हे कागद वहीतच राहतील. फॉर्मवर अजून सही केलेली नाही, पण तुमचं नावही खोडलेलं नाही. भाषणाचं ते पहिलं वाक्य तेवढं खोडलं. एक गोष्ट मी तुमच्याकडून शिकले आहे, शब्दन् शब्द.