अर्ध्या पुलाची वाटणी

आम्हा दोघी बहिणींना एकाच वेळी गोवर आला होता. आईने खिडकीचे पडदे ओढून घेतले होते. शाळेतल्या सिस्टरनी पाठवलेल्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आम्ही खेळाचा पट काढत होतो. नदी मी काढली, पूल तिने. पूल अर्धा झाला आणि तिला झोप लागली, पेन्सिल तशीच हातात. तो पूल आम्ही पुढे कधी पुरा केला नाही.

हे आधी लिहिते, कारण माझ्या मागे भांडण्याजोगे जे काही उरेल, ते सारे त्या दुपारचेच आहे.

मी, खेळण्यांच्या दुकानाची मालकीण, विधवा, मूलबाळ नसलेली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि दाराला आतून कडी लावून लिहीत आहे. माझ्यावर कुणाचे दडपण नाही. तसा प्रयत्न दर रविवारी फळांच्या पिशवीतून होतो, त्याबद्दल पुढे सांगते. यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. विशेषतः जे करायला पुतण्याने मला स्वतःच्या गाडीतून नेले होते ते.

१. दुकान आणि वरचे राहते घर धाकट्या बहिणीला.

२. बँकेतील ठेव आणि पुठ्ठा कापायचे यंत्र, आमच्याकडे खेळांचे खोके बांधणाऱ्या बाईंना. त्या यंत्राचा दांडा त्यांच्याशिवाय कुणाचे ऐकत नाही.

३. लग्नातला चहाचा सेट जाऊबाईंना. तेव्हा त्यांनी त्याला ‘हलका’ म्हटले होते. आता उचलून बघावा.

४. आमचा खेळ. अडलेल्याने समोरच्याचा डाव उसना घ्यायचा आणि तो मागेल तेव्हा परत करायचा, एवढीच त्यातली गंमत. आमच्या ह्यांनी आणि मी तो, त्या अर्ध्या पुलासकट, पेटीत घालून आयुष्यभर विकला. मग पुतण्याने तो मोबाइलवर आणला. नदीच्या जागी चांदण्या, होड्यांच्या जागी अवकाशयाने, नियम त्याच्या शब्दांत.

“काकू, सगळं कायद्यात बसतंय. मी विचारून घेतलंय.”

कुणाला विचारले? मला तर नाही.

मी वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, “बसतंय खरं. तुमचं चित्र तुमचं, नियम ज्या भाषेत लिहिलेत ती भाषा तुमची. पण खेळायची पद्धत कुणाच्याच मालकीची नसते. डाव उसना घ्यायची कल्पना त्यालाही मोकळी आणि मलाही.”

“म्हणजे जीव त्याचा आणि कातडी माझी?”

“तसं म्हणा.”

मी रागारागाने त्यांना फोनवर तो खेळ दाखवू लागले. आणि चांदण्यांच्या मधोमध, कुठेही न पोचणारा, अर्धा पूल दिसला. तोच बाक, तेच तीन वाकडे खांब.

“हा खेळात कशाला लागतो?” वकीलबाईंनी विचारले.

“कशालाच नाही. माझ्या बहिणीला झोप लागली होती.”

त्यांनी चष्मा काढून ठेवला. “मग ही पद्धत नव्हे. हे चित्र आहे. इथे सापडला तो.”

जे कायद्याने आमचे, ते सगळे पुतण्याने काळजीपूर्वक बदलले. पूल तेवढा त्याला खेळाचा भाग वाटला, म्हणून त्याने जसाच्या तसा उचलला. आता त्याला शंका येऊ लागली असावी. रविवारी सफरचंद चिरता चिरता हळूच विचारतो, “काकू, त्या पुलाचं नेमकं काय करायचं असतं?”

“खेळत राहा. कळेल.”

हल्ली एक कागदही आणतो. “नुसती सही, काकू. जुना पट जपायला.” जपायला! तो आला की माझा चष्मा हरवतो.

बहिणीलाही ‘मावशी, मावशी’ करून फोन चालू आहेत. ती म्हणते, “जाऊ दे गं ताई, आपल्याच मांडीवर शिकलाय तो.” शिकला हे खरे. माझ्या पदराला हात पुसत माझेच डाव उसने घ्यायचा. ते परत मागितले की त्याचे पोट दुखायचे.

५. म्हणून, जुना पट, त्यातील माझे चित्र आणि नियमांची भाषा, या सर्वांचे हक्क बहिणीला. पूल मी देत नाही. तो तिने काढला, तिचाच आहे. कशावरही सही करण्याआधी तिने वकीलबाईंना फोन करावा. तोंडून ‘बिचारा’ असा शब्द निघाला, तर दोनदा करावा.

६. पुतण्याला खेळायची पद्धत. ती माझी नसल्याने मला देता येत नाही, आणि ती त्याने आधीच नेली आहे. शिवाय ज्या लाकडी होड्यांनी तो शिकला, त्या. त्या घेऊन त्याने मावशीकडे जावे, समोर बसून एक पुरा डाव खेळावा आणि माझे उसने डाव तिला परत करावेत. मग पूल मागायचा असेल तर तोंडाने मागावा. द्यायचा, की कोर्टात ओढायचे, हे तिने ठरवावे. पोट दुखते म्हणून मध्येच उठला, तर काहीही देऊ नये.

ठिकाण: दुकानामागची खोली.
दिनांक: सहीखाली, माझ्या हाताने.

सही: (दुकानाची मालकीण)

साक्षीदार, ज्यांनी मला सही करताना पाहिले:
१. आमचे दातांचे डॉक्टर
२. समोरचे घड्याळजी
(दोघांच्याही फोनमध्ये पुतण्याचा खेळ नाही. मी बघून घेतले.)